मी जर्मनी झालो तेव्हा

शाळेतल्या राजनैतिक परिषदेच्या स्पर्धेत माझी बारावीतली मुलगी सोव्हिएत राजदूत होणार होती. शंभर वर्षांपूर्वी बर्लिनच्या पोलिसांनी पळालेल्या कैद्याला शोधताना सोव्हिएत व्यापारी कचेरीवर छापा घातला. राजदूत भडकला, पण जर्मनीशी मैत्री तोडणं त्याला परवडणारं नव्हतं. इथे आखातात, अल नहदा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, सरावापुरता जर्मनी म्हणजे मी.

त्याच आठवड्यात मी तिच्या टेबलाचा खण उचकला. चार दिवस ती दार लावून रडत होती आणि माझा स्वभाव मुळातच संशयी. ती अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा माझे दोन्ही हात खणात. पोलिसांना कैदी सापडला नव्हता, मलाही काही सापडलं नाही. वर चोराच्या उलट्या बोंबा, मीच तिच्यावर ओरडलो.

खणाला कुलूप लागलं. दोन दिवस ती माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. ऑगस्टमध्ये ती पुण्याला कॉलेजला जाणार होती. अशीच अबोला धरून गेली तर, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

शनिवारी सकाळी ती फाईल घेऊन समोर बसली.

"यल्ला, लेट्स स्टार्ट, एक्सलन्सी. युअर पोलीस एन्टर्ड अवर प्रॉपर्टी. आय वॉन्ट अ रिटन अपॉलॉजी."

"बाप आहे मी तुझा!" मी जर्मनी विसरून बोललो.

"नोटेड." ती फाईल मिटायला लागली.

मी घाईघाईने कागद ओढला. ऑफिसच्या सवयीने लिहिलं, 'झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे.' तिने ते खोडलं.

"रिग्रेट नको. से सॉरी."

'मी चुकलो,' असं लिहिलं.

"अँड गॅरंटी?"

"तुझ्या खोलीत मी येणार..." पुढचं 'नाही' म्हणताना मी अडलो.

खऱ्या तहातही इमारतीच्या काही भागालाच संरक्षण मिळालं होतं, हे मला तिनेच शिकवलेलं. ती बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिली.

"रूम, ओके. ड्रॉवर, नो. खलास."

मी सही केली. मग खालमानेने, जे आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं, "रडत का होतीस?"

"पुण्यात मला कुणीच ओळखत नाही, बाबा." या वेळी ती मराठीत बोलली.

"इथे आलो तेव्हा मलाही कुणी ओळखत नव्हतं," मी म्हणालो, आणि सही केलेला कागद तिच्याकडे सरकवला.