खुरपणीला बायका नकोत

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो. हे एक मात्र आठवलं की आजही नकळत हात जोडले जातात. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. अळणावर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रमुख होतो. बिऱ्हाड धारवाडला मळमड्डीत, आणि मी बहुतेक वेळ ठाण्यातच. पंचायतीत बायकांसाठी राखीव जागा नव्याच आल्या होत्या. अध्यक्षपद बाईचं आणि कारभार नवऱ्याचा, असंच सगळीकडे चालायचं. त्यामुळे सकाळच्या हजेरीच्या वेळी एका गावच्या अध्यक्षा ठाण्यात आल्या, तेव्हा मी आधी दाराकडे बघितलं, मागून नवरा येतोय का म्हणून.

नवरा नव्हता. बाईंनी पिशवीतून मुळासकट उपटलेलं एक रोप काढून टेबलावर ठेवलं. गांजाचं.

"आमच्या मक्यातलं आहे," त्या म्हणाल्या. "मालकांनी लावलंय."

खबर देणारे मी भरपूर पाहिलेत. कुणी सूड उगवायला येतो, कुणी बक्षिसाच्या आशेनं. स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध इतक्या शांतपणे वर्दी देणारी बाई पहिल्यांदाच बघत होतो. "बसा अक्का" म्हणून खुर्ची दिली आणि विचारलं, कळलं कसं? त्या म्हणाल्या, खुरपणी बायकांनी करायची ही आमच्याकडची रीत. यंदा मालक म्हणाले, तुला पंचायतीचं काम आहे, मीच खुरपतो. लग्नापासून ज्यानं खुरप्याला हात लावला नाही, त्याला एकाएकी एवढा कळवळा कुठून आला? म्हणून त्या गुपचूप शेतात जाऊन आल्या. मग नळावर बोलता बोलता लक्षात आलं, आणखी काही घरांतही यंदा बायकांना शेतात येऊ नका म्हणून बजावलंय.

त्या घरांची नावं मी मागितली. बाईंनी दिली नाहीत. उद्या ग्रामसभा आहे, त्याआधी आमच्या शेतात छापा घाला, बाकीचं सभेत बघू, एवढंच म्हणाल्या. मी स्पष्ट सांगितलं, या गुन्ह्यात जामीन सहजी मिळत नाही, नवरा आत जाईल.

"माहीत आहे. ते परत आल्यावर मला घरात घेतील की नाही, तेवढं माहीत नाही. पण आधी दुसऱ्याचं नाव घेतलं, तर गाव माझं ऐकेल का, साहेब?"

मी कागद पुढे ओढला. खबर लिहून घेतली, वरिष्ठांना कळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तहसीलदार आणि पंच घेऊन छापा घातला. मक्याच्या ओळींमध्ये गुडघाभर रोपं होती. पंचनामा करून नवऱ्याला ताब्यात घेतलं. बी कुठून आणलं, हे त्याला गोडीनं विचारलं, दरडावूनही विचारलं. उत्तर एकच, पाखरांनी टाकलं असेल. पाखरं काय ओळीनं पेरतात? माझं डोकं फिरलं.

त्याला घेऊन निघालो, तर पारापाशी ग्रामसभा भरलेली. बाईंनी हात करून जीप थांबवली आणि सगळ्यांना ठराव ऐकवला. यापुढे कुणी गांजा लावला तर वर्दी पंचायतच देईल. आणि ज्या शेतात बायकांना खुरपायला मज्जाव असेल, तिथे गावातल्या सगळ्या बायका घेऊन पंचायत स्वतः जाऊन बघेल. बायकांचे हात झटकन वर गेले. पुरुषांचे एकेक करत, रेंगाळत. मग त्या जीपकडे वळल्या.

"मालक, बी कुणी दिलं?"

आवाज चढवला नाही, नुसत्या समोर उभ्या राहिल्या.  नवरा बोलला, आठवडी बाजारात भाजीचं बी विकायला एकजण हुबळीहून येतो, त्यानं. "म्हणाला, गावात फक्त तुलाच देतोय, कुणाला बोलू नको."

"मलाही तेच म्हणाला की," गर्दीतला एकजण बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. पण तोवर दुसरा उठला होता, मग तिसरा. बांधाला बांध लागून असलेले दोन सख्खे भाऊही त्यांत निघाले. प्रत्येकाला वाटत होतं, गावात आपण एकटेच. मी जीपमधून उतरून बघत राहिलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी चौकशी मी पाहिली नव्हती.

पुढच्याच बाजारात बीवाला बियांसकट सापडला. गुन्हे मात्र सगळ्यांवर नोंदवावे लागले, तिथे माझ्या हातात काही नव्हतं. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले, सुटले, आणि बीवाल्याला शिक्षा झाली. तोपर्यंत बाई धारवाडच्या तुरुंगात नवऱ्याला भेटायला जात आणि तिथून परस्पर पंचायतीच्या बैठकीला येत. कायदा म्हणजे आमची खाकी, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या पारावर बघितलं, एक बाई स्वतःच्या घरापासून सुरुवात करते तेव्हा अख्खं गाव कायदा पाळायला उभं राहतं.

माझी बदली झाली. काही वर्षांनी त्या वाटेनं जाताना मुद्दाम जीप थांबवली. मक्यात बायका ओळीनं खुरपत होत्या, आणि ओळीच्या टोकाला बाईंशेजारी खुरपं घेऊन त्यांचा नवरा बसलेला. मी विचारलं, अक्का, यांना कसं काय घेतलंत?

"त्या साली शिकले ना खुरपायला," त्या म्हणाल्या. "मग ते वाया कशाला घालवायचं?"

तो मान खाली घालून हसला आणि बाईंच्या बरोबरीनं पुढे सरकला.