सुई द्यायला डॉक्टर आले होते

आमची घोडी माझ्यामुळे मेली.

हे माहीत असलेला एकच माणूस होता. आज सकाळी विठ्ठलवाडीत तोही गेला.

नेने डॉक्टर. जनावरांचे डॉक्टर. लुनावर यायचे, हँडलला पिशवी, पिशवीत बर्फाचा थर्मास आणि त्यात लस.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही मोरिवलीचे. बाबांनी हौसेने घोडी आणली होती, चांदणी. ना वरातीसाठी, ना टांग्यासाठी. संध्याकाळी शेताच्या बांधावरून फेरी मारायची, एवढंच. बाबांच्या खालोखाल तिच्यावर मी बसायचे.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तबेल्याच्या दारावर खडूने तारखा लिहिल्या. जंताचं औषध कधी, खूर कधी कापायचे, धनुर्वाताची सुई कधी.

"सुया दोन आहेत. दुसरी चुकली तर पहिली फुकट," म्हणाले.

पहिल्या सुईने चांदणीची मान सुजली. दोन दिवस तिने कुणाला पाठीवर बसू दिलं नाही.

दुसरी दसऱ्याला होती. डॉक्टरांनीच तो दिवस निवडला होता, कुणी विसरू नये म्हणून. "कंपनीत मशीनची पूजा करता ना? मग घोडीचं सर्व्हिसिंगही त्याच दिवशी."

त्या दिवशी बाबा कंपनीत पूजेला गेलेले. आणि दुपारी माझ्या उल्हासनगरच्या कॉलेजच्या मैत्रिणी येणार होत्या, खास चांदणीवर बसायला.

डॉक्टर फाटकात आले. मी म्हटलं, "आज तिची पूजा झालीय. बाबा म्हणालेत, आज सुई टोचायची नाही. आम्ही बोलावू."

बाबा असं काहीही म्हणाले नव्हते.

"आठवड्याच्या आत बोलव गं. विसरू नकोस."

संध्याकाळी बाबांनी विचारलं. मी म्हटलं, दिली. दारावर खडूने तारीखही लिहिली.

बोलवणारच होते, खरंच. मग परीक्षा आली, मग दिवाळी.

दिवाळीनंतर चांदणीच्या खुरात खिळा घुसला. कारखान्यांतून पॅकिंगच्या फळ्या आमच्या बांधावर येऊन पडायच्या, त्यातला. बाबांनी तो उपटला, हळद भरली. सुई झालीय म्हणून निर्धास्त होते.

काही दिवसांनी तिची दातखीळ बसली. पाय लाकडासारखे ताठ. भांडं वाजलं तरी अंगभर झटके. पाण्यात तोंड घालून उभी राहायची आणि तिला पिता यायचं नाही.

ते मी बघितलंय. अजून दिसतं.

डॉक्टर आले. दाराकडे बघितलं. त्यांचे आकडे इंग्रजी असायचे, माझी तारीख मराठीत होती. मग माझ्याकडे बघितलं.

बाबा म्हणाले, "डाक्टर, सुई दिली ना तुमी? मंग ह्या कसा झाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

"देऊनही होतं कधी कधी."

चौथ्या दिवशी चांदणी गेली.

त्यानंतर बाबा जो भेटेल त्याला सांगायचे, "त्याचे सुईन पानी होता, नुसता पानी." अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत हौशी घोडेवाल्यांनी डॉक्टरांना बोलावणं सोडलं. चिखलोलीतला एक घोडा पुढे असाच, सुईविना गेला.

मी गप्प. बाबांना घाबरून नाही. बाबांचा माझ्यावर विश्वास होता, तो जाईल म्हणून.

खूप वर्षांनी अंबरनाथ स्टेशनबाहेर डॉक्टर दिसले. मी म्हटलं, "मी बाबांना आज सांगते."

"घोडी परत येणार आहे का? ते तुझ्या हातचं जेवतात. जेवू दे त्यांना."

आणि मी ते ऐकलं. सोयीचं होतं ना.

बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डॉक्टरांचा निरोप आज आला तेव्हा कळलं, आता मला गप्प राहायला सांगणारंही कुणी उरलं नाही.

मोरिवलीत ज्यांनी बाबांचं ऐकलं होतं, त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी हे वाचा. सुईत पाणी नव्हतं. सुई दिलीच नव्हती. ती तारीख माझ्या हातची आहे.

डॉक्टर, माफ करा म्हणायला फार उशीर केला.

तुम्ही आला होतात. मीच फाटकातून परत पाठवलं.

रडत, मनापासून श्रद्धांजली.