कढीपत्ता बोलत नाही

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आठवायची तर मला आता जुने कागद चाळावे लागतात. हे एक प्रकरण असं आहे की त्याचे खरे कागदच नाहीत, आणि तेच जसंच्या तसं लक्षात राहिलं आहे. यात चोर नाही, खुनी नाही. जे लपवलं ते मी लपवलं. ज्या माणसाचं त्यात नुकसान झालं त्याला मी वचन दिलं आहे, म्हणून लिहितो. कोणाचंही नाव, ठाण्याचं किंवा वस्तीचंही नाव लिहिणार नाही. पुणे शहराच्या दक्षिण भागातलं एक ठाणं, एवढं पुरे.

निवृत्तीला सात महिने उरले होते. सहायक निरीक्षक होतो. शिपाई म्हणून भरती होऊन तिथवर आलेला माणूस असतो तसा होतो. कायद्यापेक्षा माणूस जास्त ओळखतो असं समजणारा. सोमवारची सकाळ होती. रविवारची भांडणं, बंदोबस्तावरून परतलेले शिपाई, पासपोर्टच्या पडताळणीसाठी आलेले लोक, अशी ठाण्यात गर्दी होती. फोन वाजला. ठाणे अंमलदार दुसऱ्या कामात होता म्हणून मीच उचलला.

पलीकडचा माणूस अडखळत बोलत होता. "साहेब, आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यातल्या एक मॅडम शनिवार संध्याकाळपासून बोलत नाहीत."

"कोण मॅडम?"

"ग्रुपवर त्यांचं नाव कढीपत्ता आहे."

मी फोनवर हात ठेवून समोरच्यांना हे सांगितलं. हसले सगळे. मग त्याला म्हणालो, "अहो, माझी बायको माझ्याशी चार-चार दिवस बोलत नाही. मी काही पोलिसांत जात नाही."

"तसं नाही साहेब. त्या रोज लिहितात. त्या एकट्या राहतात, आणि तुमच्याच भागात..."

"नातेवाइकांना यायला सांगा," म्हणालो आणि फोन ठेवला. स्टेशन डायरीत नोंद केली नाही. असल्या फोनची नोंद कोणी करत नाही, असं त्या वेळी वाटलं. दुपारच्या जेवणापर्यंत कढीपत्त्याचे चार विनोद झाले, त्यातले दोन माझे होते.

मंगळवारी साडेदहाला तो स्वतः आला. चाळिशी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन चष्मे. विश्रांतवाडीला त्याचं चष्म्याचं दुकान होतं. ग्रुपवर त्याचं नावही 'चष्मा' असंच होतं. मी म्हटलं, "बसा. अहो, पण तुमचं खरं नाव काय?" त्याने सांगितलं. ते मुसलमानाचं नाव होतं. तोवर मी त्याला 'अहो' म्हणत होतो. त्यानंतर 'तू' म्हणू लागलो. हे कागदावर लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

"तिचं नाव काय?"

"माहीत नाही, साहेब."

"वय?"

"साठीच्या पुढे असतील. गुडघे दुखतात त्यांचे. डावा जास्त."

"कधी भेटलास?"

"कधीच नाही."

"फोनवर बोललास?"

"नाही. लिहितो फक्त."

"काय लिहितोस?"

"भाजी काय केली. मालिकेत काय झालं. गुरुवारी पाणी भरून ठेवलं का. असंच."

"आणि तेवढ्यासाठी दुकान बंद करून गावाच्या दुसऱ्या टोकाहून आलास."

"कालच फोन केला होता. ज्यांनी उचलला त्यांना काही समजलं नसावं."

ज्याने उचलला तो समोरच बसला होता, हे मी सांगितलं नाही. मी चौकशी चालू ठेवली. एकटी बाई किती वाजता उठते, किती वाजता आंघोळीला जाते, दूधवाला कधी येतो, दुपारी कोणत्या खोलीत झोपते, हे सगळं या माणसाला पाठ होतं. नाव मात्र माहीत नाही म्हणत होता. आमच्या भाषेत याला टेहळणी म्हणतात. मला वाटलं, याने काहीतरी केलं आहे आणि आता अंगावर यायच्या आत स्वतःच आला आहे. असे लोक मी पाहिले होते. त्याचा मोबाइल काढून घेतला, त्याला मागच्या खोलीत बसवलं, आणि तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारले. दोन वाजेपर्यंत विचारत होतो. त्याने आवाज चढवला नाही. मध्येच एकदा म्हणाला, "साहेब, मला ठेवा हवं तर. पण एक माणूस तरी त्यांना शोधायला पाठवा."

"कुठे पाठवू? पत्ता आहे तुझ्याकडे?"

पत्ता त्याच्याकडे नव्हता.

जेवणानंतर मी आणि आमच्या ठाण्यातल्या एक महिला हवालदार त्याच्या मोबाइलवरचा ग्रुप वाचायला बसलो. त्याच्याविरुद्ध काही मिळतं का, हे बघायला. नऊ जण होते. टीव्हीवरच्या एका कौटुंबिक मालिकेबद्दल इंटरनेटवर वाद घालता घालता एकत्र आलेले. त्यांनी नियम केले होते: खरं नाव नाही, फोटो नाही, सकाळची फुलं आणि सुविचार नाहीत, राजकारण नाही. वर्षभराचं बोलणं त्यात होतं. मी गुन्हा शोधत होतो आणि वाचत होतो ते असं:

"मोठ्या सुनेने आज पुन्हा दार उघडं ठेवलं. आता एकतर चोर येईल नाहीतर सासू." हे कढीपत्त्याचं.

"चोर परवडला," हे चष्म्याचं.

"खालची गिरणी सुरू झाली. माझे डबे नाचायला लागले. संवाद कोणीतरी लिहून कळवा," पुन्हा तिचं. आणि खाली चष्म्याने अख्ख्या प्रसंगाचे संवाद टाइप केलेले, कंसात कोणी डोळे वटारले तेही.

एके ठिकाणी त्याने लिहिलं होतं की ही मालिका तो आईसोबत बघायचा, आई गेली तरी सवय सुटली नाही. त्यावर तिने लिहिलं होतं, "मग आता आमच्यासोबत बघ. फक्त सासूची बाजू घेतलीस तर काढून टाकीन."

हवालदारबाई हसत होत्या. हसता हसता थांबल्या. "साहेब, हे बघा."

मागच्या वर्षीचा संदेश होता. "आज पोलीस ठाणं बघून आले. रेशनकार्ड हरवलं, त्याचा दाखला हवा होता. साहेबांनी विचारलं, हरवलं तेव्हा लक्ष कुठे होतं? म्हटलं, लक्ष असतं तर हरवलं असतं का? चहा विचारला नाही. पंखा आवाज फार करतो, वारा देत नाही." सोबत आमच्या ठाण्याचं नाव.

संदेशावर तारीख होती. हवालदारबाई उठल्या, कपाटातून गहाळ दाखल्यांचं रजिस्टर काढलं, त्या तारखेचं पान उघडलं. रेशनकार्डाची एकच नोंद होती. नाव, वय चौसष्ट, पत्ता, मोबाइल नंबर, सही. कपाट माझ्या खुर्चीच्या मागे होतं. चालत दहा-बारा मिनिटांवर घर होतं.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. आतून कडी. पंचांसमोर दार तोडलं. बाई न्हाणीघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं. बादली ओढून जवळ घेतलेली होती. त्यातलं पाणी पिऊन त्यांनी दिवस काढले असावेत. प्राण गेलेला होता. अंग अजून पुरतं ताठलेलंही नव्हतं.

समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू सारख्या सांगत होत्या, "फार शांत बाई हो. कधी कोणाशी बोलायच्या नाहीत." दाराला दुधाच्या पिशव्या लटकत होत्या का, विचारलं. "होत्या ना. मीच उचलून आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. वाटलं, पुतण्याकडे गेल्या असतील, नासायला नकोत." भलेपणाने केलं होतं त्यांनी. खाली गिरणी चालू होती. आम्ही एकमेकांशी मोठ्याने बोलत होतो.

त्यांचा मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. पडद्यावर संदेशांची रांग होती. "कढीपत्ता, कुठे आहेस?" आणि त्याखाली शनिवारच्या भागात काय झालं, सोमवारच्या भागात काय झालं, सविस्तर. आल्यावर तिचं काही चुकायला नको म्हणून.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "मंगळवारी सकाळी गेल्या असाव्यात. आदल्या दिवशी आणल्या असत्या तर बहुधा वाचल्या असत्या." म्हणजे मी फोनवर विनोद केला तेव्हा त्या जिवंत होत्या. तो माझ्यासमोर येऊन बसला तेव्हाही कदाचित असतील.

आता कागदांकडे येतो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. खबर देणारा म्हणून मी शेजारच्या काकूंचं नाव घातलं: दार बरेच दिवस बंद दिसल्याने कळवले. सोमवारचा फोन कुठेच नव्हता. मंगळवारी एक माणूस दिवसभर ठाण्यात बसवला होता, त्याचं काहीतरी दाखवणं भाग होतं, म्हणून डायरीत लिहिलं: 'संशयित इसमाकडे चौकशी केली, आक्षेपार्ह काही न आढळल्याने सोडून दिले.' त्या बाईसाठी धावलेला एकच माणूस, आणि कागदावर तो संशयित.

चार दिवसांनी पुतण्या आला. परराज्यात नोकरीला होता. त्याने बाईंचा मोबाइल वाचला होता. मला विचारलं, "हा चष्मा कोण?"

त्या क्षणी एकच वाक्य बोलायचं होतं. याच्यामुळे त्या सापडल्या. पण मग पुढचा प्रश्न आला असता: हा कधी आला होता तुमच्याकडे? मी म्हणालो, "संशयावरून बोलावला होता. सोडला." आणि वर सांगितलं, "तुमच्या काकू शनिवारीच गेल्या. पडल्या पडल्या. त्रास झाला नाही." शवविच्छेदनाच्या अहवालात वेळ होती. त्याने वाचली नाही, मी दाखवली नाही. जाताना तो हात जोडून गेला.

मी मानाने निवृत्त झालो. नारळ, शाल, भाषणं.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगा परदेशात. मी खडकवासल्याच्या बाजूला राहतो. दिवसभरात फोन येतो तो कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलींचा. कधीकधी मी त्यांना बोलत ठेवतो. त्याच वैतागून ठेवतात. आज भाजी काय केली हे कोणीतरी विचारणं ही काय गोष्ट असते, ते मला तेव्हा कळत नव्हतं. त्यांच्या ग्रुपवरचं ते सगळं बोलणं मी पुरावा म्हणून वाचलं होतं. आता संध्याकाळी वरण गरम करताना त्यातलं एखादं वाक्य आठवतं.

मागच्या महिन्यात विश्रांतवाडीला गेलो. दुकान तिथेच होतं. त्याने मला ओळखलं नाही, नंबर तपासायला आलेलं गिऱ्हाईक समजला. मी नाव सांगितलं. त्याने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"तुम्ही सोमवारी फोन केला होता, तो मी उचलला होता," मी म्हणालो. "त्या तेव्हा जिवंत होत्या."

त्याने काच पुसायच्या फडक्याची घडी घातली. "मला वाटत होतं, मी रविवारी यायला हवं होतं. रविवारी म्हटलं, नेट गेलं असेल, उगाच कशाला. इतकी वर्षं तेच डोक्यात आहे." मग म्हणाला, "म्हणजे सोमवारी चाललं असतं."

"हो."

"मंगळवारी साडेदहाला?"

"ते सांगता येत नाही."

"सांगा ना. तुम्ही माणसं ओळखता."

मी ग्रुपचं विचारलं. तो म्हणाला, "पुतण्याने त्यावर लिहिलं, चष्म्याला पोलिसांनी संशयावरून धरला होता म्हणून. आठवड्यात सगळे निघून गेले. मला कोणी काही विचारलं नाही. मी एकटाच उरलो त्यात. मालिका संपली तेव्हा शेवटचा भागही लिहिला मी, सगळे संवाद. वाचायला कोणी नव्हतं."

मी म्हणालो की वरिष्ठ कार्यालयाला खरं काय ते सहीनिशी लिहून दिलं आहे, अजून उत्तर नाही. तो म्हणाला, "त्यांचं उत्तर येईल तेव्हा येईल. तुम्ही लोकांना वाचता येईल असं लिहा. माझं नाव नको. ते सात जण कुठे असतात मला माहीत नाही, पण वाचणारे आहेत ते सगळे." माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं होतं.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचारायची पद्धत आहे. तक्रार घेताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, तुमचं नातं काय. तो प्रश्न मी पस्तीस वर्षं विचारला आणि उत्तरावरून ठरवलं की उठायचं की बसून राहायचं. काळजी करणाऱ्याला नातं सांगता येत नाही, तेव्हा उठायला हवं होतं, एवढंच मला कळलं. आणि कळलं तेव्हा माझ्या हातात ठाणं नव्हतं. जे हातात आहे ते करतो. त्या दिवशी डायरीत जे लिहायला हवं होतं ते इथे लिहितो.

सोमवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. विश्रांतवाडी येथील एका इसमाने फोनवरून कळवले की त्याच्या ओळखीच्या, या ठाण्याच्या हद्दीत एकट्या राहणाऱ्या एक बाई शनिवार संध्याकाळपासून बोलत नाहीत, तरी शोध घ्यावा. बाईंशी नाते: रोज बोलतात. खबर घेणारा अधिकारी: मी. कारवाई: केली नाही.