दत्तारामला आणायला

"दत्तारामला घेतल्याशिवाय परत येऊ नका," असं आमच्या मंडळीच्या कारभाऱ्यांनी एसटी सुटता सुटता खिडकीतून मला बजावलं. मंडळी म्हणजे आमचं चर्च. चर्चच्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी एक खाट राखून ठेवली होती, डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, आता फक्त माणूस आणायचा बाकी होता. साठी उलटलेल्या बाईला घाट उतरवून एकटीला पाठवायचं कारण एवढंच, की दत्तारामने ऐकलंच कुणाचं तर माझं ऐकेल अशी सगळ्यांची समजूत. माझीही तीच समजूत होती, नाहीतर हे दुखरे गुडघे घेऊन मी कशाला निघते.

हा दत्ताराम राजापूर तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावचा, जन्मभर जहाजावर खलाशी. बऱ्याच वर्षांपूर्वी क्षयाने खंगून तो आमच्याकडच्या दवाखान्यात येऊन पडला, तेव्हा त्या वॉर्डात मी नर्स होते. माझे यजमान पाळक (चर्चचे धर्मगुरू). संध्याकाळी रोग्यांना शास्त्र वाचून दाखवायचे. देवाधर्माचं निघालं की दत्ताराम भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मग एकदा यजमानांनी पहिल्या काळातल्या त्या प्रेषिताचे प्रवास काढले, जो तंबू शिवून पोट भरायचा आणि गावोगाव येशूचं नाव सांगत मार खायचा. त्याचं जहाज वादळात सापडतं आणि खलाशी मागच्या बाजूने चार नांगर टाकतात, हे ऐकून दत्ताराम उठून बसला. "मागून टाकले? मग त्या जहाजाचा तांडेल शहाणा होता," म्हणाला, आणि ते प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. तेव्हापासून त्या प्रेषिताचं नाव त्याच्या तोंडी 'तंबूवाला'. बरा होऊन जाताना त्याने बाप्तिस्मा घेतला. स्वतःचं नाव मात्र बदललं नाही. आईने ठेवलंय, म्हणाला.

जहाजावरून निवृत्त झाल्यावर तो सरळ आपल्या गावी गेला आणि आसपासच्या वाड्यांतून पायी फिरून येशूचं नाव सांगू लागला. व्हायचं तेच झालं. गावकीने (गावातल्या मानकऱ्यांच्या बैठकीने) त्याला वाळीत टाकलं. याविरुद्ध कायदा आहे हे मला माहीत आहे, गावालाही माहीत आहे. आता त्याचं छातीचं दुखणं पुन्हा वर आलं होतं.

आंबा घाट उतरल्यावर हवा बदलली आणि मला घामाच्या धारा लागल्या. रत्नागिरीच्या स्टँडवर नाटे बंदराकडे जाणारी गाडी लागलेली होती. तिच्यात बसले, डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या सुक्या बांगड्यांचं पाणी माझ्या पिशवीत उतरलं होतं. पिशवीत दत्तारामसाठी नवं धोतर होतं. "धुतलं की जाईल," ती म्हणाली. नाही गेलं. फाल्गुन होता, काजूला मोहोर होता, दोन्ही बाजूंना सडा (कातळाचं उघडं पठार) पसरलेला.

नाट्याला रिक्षा केली. गावाचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, कारण त्या गावात चांगली माणसंही आहेत. वेशीजवळ रिक्षावाल्याने विचारलं, "कुणाकडे?"

"दत्तारामकडे."

त्याने रिक्षा बाजूला घेतली. "इथंच उतरा, मावशी."

"का? बिघडली का रिक्षा?"

"रिक्षाला काय होतंय. गाव बिघडेल," तो म्हणाला. अर्ध्या वाटेचेच पैसे घेतले त्याने, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

गावातून चढणारी पाखाडी (चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट) मी बसत-उठत चढले. पडव्यांतून माणसं बघत होती. पाणी मागितलं असतं तर दिलं असतं की नाही कोण जाणे. मी मागितलं नाही. दत्तारामचं घर सगळ्यांत वर, सड्याच्या कडेला. तो दारातच जाळं विणत बसला होता. मला बघून उठायला गेला आणि खोकल्याने परत खाली बसला. हाडांचा सापळा झाला होता नुसता. "वैनी, तुमी?" म्हणाला आणि डोळ्यांना पाणी आलं त्याच्या. मलाही आवरलं नाही.

रात्रीच्या पेजेसाठी पाणी आणायला तो निघाला. सार्वजनिक विहीर त्याला बंद, म्हणून खालच्या पऱ्यावरून (ओढ्यावरून) कळशी भरून चढायची. मी त्याच्या हातातून कळशी ओढून घेतली. परसात बघते तर कातळात एक चौकोनी खड्डा खणायला घेतलेला, कडेला चिऱ्याच्या कपच्यांचा ढीग आणि त्यावर टिकाव. मला बरं वाटलं. म्हटलं, "पाण्याची टाकी काढलीत ना? शहाणपणा केलात. आधीच करायला हवी होती."

"हां, चाललंय हळूहळू," तो म्हणाला.

मी आणखी सल्ला दिला, की आतून सिमेंट मारून घ्या, जांभ्या दगडातून पाणी झिरपतं. तो मान डोलवत राहिला.

वृद्धाश्रमाचं मी त्या रात्री काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला नाट्याला विणलेली जाळी पोचवायची होती आणि मग खाडीपलीकडच्या वाडीत जायचं होतं. "या अवस्थेत?" मी विचारलं. "अवस्था काय, ती घरात बसून पण हीच," तो म्हणाला. मी बरोबर गेले. एकट्याला सोडायची सोय नव्हती.

त्याच्या गावातले होडीवाले त्याला काम देत नाहीत. नाट्याच्या बंदरावरचे मुसलमान मच्छीमार देतात. एका लाँचवाल्याने आम्हाला फळीवर बसवून चहा दिला. जाळं उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाला, "काकाचा हात पक्का आहे, बाई. फक्त धर्माचं बोलायला लागला की मी सांगतो, काका, आधी गाठ मार."

"मारतो की," दत्ताराम म्हणाला. "तंबूवाला पण शिवता शिवताच बोलायचा." दोघं हसले. त्या सबंध मुक्कामात मी त्याला तेवढंच हसताना पाहिलं.

तरीतून (माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीतून) खाडी ओलांडली. वाडीत शिरताच दोन दारं लागली, एक बाई पोराला आत ओढून घेऊन गेली. एका म्हातारीच्या पडवीच्या कडेला दत्ताराम टेकला. तिच्या सांधेदुखीची चौकशी केली, आणि मग त्याचं नेहमीचं सुरू केलं, की येशू वाळीत टाकलेल्यांच्या घरी जेवायचा. म्हातारी ऐकत होती. तेवढ्यात एक चाळिशीचा माणूस आला. नीटनेटका, आवाज न चढवणारा.

"काका, मागच्या खेपेला सांगितलं होतं. आमच्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात काय भरू नका. आमचे देव आम्हाला पुरे हायत."

"बरोबर हाय तुजं," दत्ताराम म्हणाला. "वाईच बसतो. खोकला थांबला की जातो."

त्या माणसाचं बोलणं मला वावगं वाटलं नाही, खरं सांगते. न बोलावता कुणी माझ्या ओसरीवर येऊन माझा देव बदलायला लागला तर मीही चहा विचारणार नाही. मी दत्तारामला उठा म्हणून दंडाला धरते आहे, तोच कुंपणामागून दगड आला. भुवईच्या वर लागला. तो बसल्या जागी आडवा झाला आणि रक्त कानापर्यंत आलं.

"कोण रे तो?" नीटनेटका माणूस ओरडला. कुणी बाहेर आलं नाही. मी पदर फाडून जखम दाबून धरली. इतकी वर्षं नोकरी केली, पण ज्याच्यावर दगड पडला त्याच्या शेजारी कधी बसले नव्हते. दत्तारामने डोळे उघडले आणि "पाणी" म्हणाला. म्हातारीने तांब्या आणला. तो पाणी प्याला, उठला, आणि तिला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो." माझं डोकंच फिरलं. दगड मारणाऱ्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त या माणसाचा आला. तो चाळिशीचा गृहस्थ मात्र आम्ही तरीत बसेपर्यंत आमच्या मागून चालत आला, आमच्या आणि वाडीच्या मधे.

सकाळी मला खणण्याच्या आवाजाने जाग आली. कपाळाला माझी पट्टी बांधलेला दत्ताराम त्या खड्ड्यात कमरेइतका उभा राहून टिकाव मारत होता. दोन घाव घालायचा आणि खोकायचा. मी तरातरा गेले.

"टाकी नंतर करा. बाहेर या आधी. मी तुम्हाला न्यायला आले आहे. खाट तयार आहे, औषध आहे, वेळेवर जेवण आहे. आजच निघायचं."

तो टिकावावर रेलला. मग म्हणाला, "वैनी, टाकी एवढी लांब आणि एवढी अरुंद कोण काढतं काय?"

मी खड्ड्याकडे पाहिलं. माणसाच्या लांबीचा होता. मी तिथेच कपच्यांच्या ढिगावर बसले.

"इथं माती नाय, सगळा कातळ," तो समजावून सांगू लागला. "चिरे काढायची मशीन लावली तर सकाळचं काम. पण मशीनवाल्याला गावकीने मना केलंय. मी मेल्यावर तुमच्या मंडळीची रत्नागिरीतली माणसं येणार, ती काय हातानं कातळ फोडणार? म्हणून रोज जमेल तेवढं काढून ठेवतो. ही जमीन माझ्या वाटणीची हाय."

"आमच्याकडे दफनभूमी आहे, दत्ताराम. माझे यजमान आहेत तिथे."

"तुमच्या मालकांनीच शिकवलं मला. तंबूवाल्याला दगड मारले, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. उठला तो कुठं गेला?"

"त्याच गावात," मी म्हटलं. पण मीही पाळकाची बायको आहे. "आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडून पुढे गेला, तेही त्यांनी शिकवलं होतं. तुम्ही अर्धंच ऐकलंत."

"तो परका होता, वैनी. त्याला जायला पुढचा गाव होता. माझा हाच गाव. शिमग्याला पालखी सगळ्या घरी गेली, माझ्या दारावरनं सरळ गेली. मला पालखी नको, पण आई असती तर रडली असती. इथनं मी पण गेलो, तर मी या गावचा कधी नव्हतोच असं होईल."

मी रडले, भांडले, मंडळीचा निरोप सांगितला, यजमानांची शपथ घातली. तो शपथेला फक्त "नको" म्हणाला आणि खाली वाकून टिकाव उचलला. कोवळा असतो तोवर चिरा तुटतो, वारा लागला की घट्ट होतो, असं त्याने मला सांगितलं. दुपारी मी त्याच्यासाठी कुळथाची पिठी करून ठेवली, औषधाच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि एकटी खाली उतरले.

वेशीवरच्या थांब्यावर एक माणूस उभा होता. माझ्यापासून चार हात लांब, तोंड रस्त्याकडे. दत्तारामसारखंच नाक. तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"मी विश्राम. धाकटा भाऊ त्याचा. बाई, नेला का नाय त्याला?"

"येत नाही म्हणतात. तुम्ही सांगून बघा."

"माजं बोलणं बंद हाय त्याच्याशी. गावकीत मीच बसतो." जरा वेळाने म्हणाला, "इथं मेला तर मी काय करू? खांदा दिला तर माजं पण घर वाळीत. पोरीचं लग्न ठरलंय, ते मोडेल. नाय दिला तर... एका आईचे आमी."

याला चार शब्द सुनवायचे असं पाखाडी उतरताना मी ठरवलं होतं. पण कीव आली त्याची.

"कुठवर आलाय खड्डा?" त्याने विचारलं. म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं; टाकी समजणारी मी एकटीच.

"कमरेइतका."

"पावसात भरेल तो," विश्राम म्हणाला. "सड्यावरचं सगळं पाणी तिकडनंच येतं." एसटी येताना दिसली. मी त्याला माझा फोन नंबर सांगितला. त्याने तो कागदावर घेतला नाही, दोनदा पुटपुटून पाठ केला, आणि गाडी थांबायच्या आत निघून गेला.

मी रिकाम्या हातांनी परतले. मंडळीचे कारभारी नाराज झाले. खाट दुसऱ्या कुणाला तरी दिली. रविवारच्या शाळेत मुलांना ते जुने प्रवास शिकवायची पाळी माझी असते. पूर्वी मी दगडांचं प्रकरण झटक्यात उरकायचे आणि जहाज फुटण्यावर यायचे, मुलांना आवडतं म्हणून. आता दगडापाशी अडकते. प्रेषित उठला आणि परत गावात गेला, एवढं एका वाक्यात आहे. त्या रात्री त्याला त्या गावात कुणी पाणी दिलं, दार कुणी उघडलं, दुसऱ्या दिवशी त्या दार उघडणाऱ्याचं काय झालं, हे कुठे लिहिलेलं नाही. मी तेच विचारत बसते.

श्रावणात एका दुपारी फोन आला. मागे पावसाचा आवाज.

"विश्राम बोलतोय. दत्ताराम गेला सकाळी."

मी प्रार्थनेचे दोन शब्द बोलायला गेले, तर त्याने मधेच तोडलं.

"खड्डा काठोकाठ भरलेला. सकाळपासनं उपसतोय. आता तळ दिसाय लागलाय. तुमच्या रत्नागिरीच्या माणसांना लवकर पाठवा, पाऊस परत धरलाय."

"विश्रामभाऊ, गावाने पाहिलं तुम्हाला?"

"बघतायत की. खाली उभे हायत सगळे."

"आणि पोरीचं लग्न?"

"ते आता इचारू नका, बाई," तो म्हणाला. फोन त्याने ठेवला कुठेतरी, बंद केला नाही. कातळावर बादली घासल्याचा आणि पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.