बिनबिल्ल्याची रेंगी

पांढुर्ण्याच्या नत्थूजीने सात वर्षं एक राग पाळला. लोक दुभती गाय पाळतात तशा निगुतीने पाळला. सकाळी उठल्याबरोबर त्याची विचारपूस, दुपारी विचारपूस, आणि आडवं होताना पुन्हा एकदा खात्री, की आहे ना जागेवर. त्या रागाचं नाव होतं रघुनाथराव.

रघुनाथराव म्हणजे गावच्या कमिटीचे मेंबर. स्टेशन ते बाजार चालणाऱ्या टांग्यांना पितळी बिल्ला लागे आणि तो त्यांच्या सहीने मिळे. त्यांचे स्वतःचे तीन टांगे मेहुण्याच्या नावावर स्टेशनाबाहेर उभे असत. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. नत्थूजीचा टांगा एकच, घोडीही एकच, पण अशी देखणी की नागपूर पॅसेंजरमधून उतरलेला माणूस तिला पाहिल्यावर दुसऱ्या टांग्याकडे वळायचा नाही.

देश स्वतंत्र होऊन दोन वर्षं झाली होती. गावच्या निवडणुकीत नत्थूजीने रघुनाथरावांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या माणसाचे मतदार आपल्या टांग्यातून नेले. तो माणूस पडलाच. चौथ्या दिवशी भर दुपारी, गाडी स्टेशनात लागलेली असताना, रघुनाथराव स्क्रू काढायचा पेचकस घेऊन आले. घोडी लंगडते, असं त्यांनी जाहीर केलं. घोडी लंगडत नव्हती. तरी त्यांनी स्वतःच्या हातांनी टांग्याचा बिल्ला उचकटला, कोटाच्या खिशात टाकला आणि उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आता घरच्यायले फिरव, नत्थू. घरच्या गाडीले बिल्ला लागत नाही."

उतारू हसले. बिल्ला गेला त्याचं नत्थूजीला वाईट वाटलंच, पण झोंबलं ते हसणं. तिथल्या तिथे त्याने मनाशी ठरवलं की या माणसाला एक दिवस आपल्या गाडीत बसवायचं. त्याने स्वतःच्या तोंडाने नातं सांगायचं, 'नत्थूजी, मी तुमच्या घरचा,' असं म्हणायचं आणि मगच चढायचं. आणि चढला की भर बाजारचौकात खाली उतरवायचं. गावात ज्याला त्याला तो हे सांगत सुटला, त्यामुळे रघुनाथरावांच्याही कानावर गेलं. ते म्हणे नुसते मिशीत हसले.

टांगा विकला. घोडी विकताना नत्थूजी दोन दिवस जेवला नाही. सौंसरच्या बाजारातून त्याने गोऱ्ह्यांची जोडी आणली आणि एक जुनी रेंगी घेतली. रेंगी म्हणजे चार माणसं दाटीवाटीने बसतील अशी हलकी बैलगाडी, शेतकऱ्याच्या घरी बाजारहाटाला नि लग्नाकार्याला असते ती. तिला कुणी कागद विचारत नाही. पोटापुरता कापूस पिकवणारं तीन एकर वावर होतंच. मग रोज सकाळी बायकोला, जयवंताला, धुवट लुगडं नेसवून तो रघुनाथरावांच्या दारावरून बाजारात न्यायचा. जयवंताला हवा असायचा दोन काड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर. "सांबार आपल्या परसात आहे न," ती म्हणायची. तो ऐकायचा नाही.

पुढचं सगळं घडलं ते अंबाबाईमुळे. शेजारची ही म्हातारी विधवा एका दुपारी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन चालली होती. नत्थूजीने तिला गाडीत घेतलं. रघुनाथरावांच्या मेहुण्याने लगेच शिपाई पाठवला, की हा बिनबिल्ल्याचा भाड्याची सवारी वाहतो. शिपायाने अंबाबाईला विचारलं, हा तुझा कोण? अंबाबाईने सुपारी दाढेत सरकवली आणि सांगितलं, मानलेला भाऊ. शिपाई गुमान परत गेला. मानलेल्या भावाला नाही म्हणण्याची छाती त्या मुलखात कोणाची?

नत्थूजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवसापासून स्टेशनच्या रस्त्यावर त्याने कोणालाही बसवायला सुरुवात केली. अट एकच, आधी नातं सांगा. कुणी बहीण झाली, कुणी मावशी, कुणी साडभाऊ. भाडं घ्यायचं नाही, कारण घरच्या माणसाकडून कोण भाडं घेतं? गंमत म्हणून सुरू झालेलं हे प्रकरण हळूहळू गळ्यात आलं. मानलेल्या बहिणींनी भाऊबीजेला खरोखर पाट मांडले. एका वर्षी नत्थूजी सव्वीस पाटांवर बसला, सव्वीस घरच्या करंज्या खाल्ल्या आणि सव्वीस ताटांत चोळीचे खण टाकून रिकाम्या हाताने घरी आला. मावश्यांची मयत झाली की सुतक, भाच्यांची लग्नं निघाली की आहेर. जयवंता कपाळावर हात मारून घ्यायची. पण स्टेशनाबाहेर रघुनाथरावांचे तीन टांगे माशा मारत उभे दिसले, की नत्थूजीला हे सगळं गोड लागायचं. त्यांतला पहिला टांगा विकला गेला त्या दिवशी त्याने घरी पुरण घालायला लावलं.

रघुनाथरावांनी सौंसरच्या तहसिलीत खटला गुदरला. सगळ्या बहिणी पाच गाड्या जुंपून साक्षीला गेल्या. सासऱ्याच्या तेराव्याला कोण राबलं, बाळंतपणात डिंक कुणी आणून दिला, हे एकेकीने असं काही सांगितलं की तहसीलदारांनी हात जोडले. ही घरची गाडी आहे, असा निकाल कागदावर उतरला. नत्थूजीने कागद वाचता येत नसूनही तो वर्षभर टोपीत ठेवला. तरी मनाचं समाधान होईना. खटला जिंकला खरा, पण माणूस अजून गाडीत बसला नव्हता.

मग छप्पन्न सालचा नोव्हेंबर आला आणि राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. नागपूर त्या अंगाला गेलं, पांढुर्णा-सौंसर या अंगाला राहिलं, राजधानी भोपाळ झाली. रघुनाथरावांच्या ओळखीचे सगळे साहेब नागपुरात राहिले. इथे नवे साहेब आले, हिंदी बोलणारे, त्यांना रघुनाथराव कोण हे माहीत नव्हतं. मेंबरकी गेली, उरलेले दोन टांगे गेले, मेहुणाही फिरकेनासा झाला. नत्थूजी रोज स्टेशनवर गाडी उभी करून वाट पाहू लागला. आता हा माणूस पायी किती दिवस चालेल?

एके सकाळी रेल्वेतून एक बाई तान्हं लेकरू घेऊन उतरली. उन्हं वर चढली होती, लेकरू रडत होतं. नत्थूजीने तिला नातं न विचारताच बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. आणि नेमका तेव्हाच सागरकडून बदलून आलेला नवा हवालदार आडवा आला. लाइसेंस दिखाओ, म्हणाला. नत्थूजीने घरची गाडी असल्याचं सांगितलं. हवालदाराने बाईला विचारलं. बाई बिचारी खरं बोलली, की मी तर बैतूलची, या माणसाला ओळखत नाही. सौंसरचा तो कागद टोपीतून केव्हाच विरून गेला होता.

त्याच रेल्वेने रघुनाथराव भोपाळहून हात हलवत परतले होते. हवालदाराने या कोटवाल्या भल्या माणसाला मध्ये घेतलं, की तुम्ही गावचे, सांगा, हा सवारी वाहतो की नाही. सात वर्षांनी बाजी उलटली होती. एका शब्दात नत्थूजीची गाडी, बैल, अब्रू, सगळं गेलं असतं. नत्थूजीने मान ताठ ठेवली.

रघुनाथरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हवालदार साहब," ते म्हणाले, "ये मेरा छोटा भाई है। और ये बहू हमारे ही घर आ रही है।"

आणि चाकावर पाय देऊन रेंगीत चढले. नीट मांडी घातली. "चाल नत्थू. घरी."

बाजारचौक आला. इथेच त्याला उतरवायचं, असं नत्थूजीने सात वर्षं घोकलं होतं. पण हवालदार सायकल हातात धरून मागे चालत होता आणि त्याने थोरल्या भावाला रस्त्यात उतरवताना पाहिलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं. नत्थूजीने रघुनाथरावांना थेट त्यांच्या दारात नेऊन सोडलं, हवालदार वळल्यावर बाईला तिच्या मुक्कामी पोचवलं आणि घरी येऊन बैलांना उगीच दोन शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथराव काठी टेकत नत्थूजीच्या अंगणात उभे. संत्र्याच्या बागेत जायचं होतं. तिसऱ्या दिवशी कचेरीत. नाही म्हणायची सोय नव्हती, हवालदाराचं लक्ष होतं. हा माणूस गाडीत स्वतःच्या पायाने चढतो, नातं तोंडाने सांगतो, आणि आपल्यालाच त्याची उशी नीट करून द्यावी लागते! नत्थूजी आतल्या आत जळायचा. मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मिळालेलं एकही नको होतं.

महिन्यातून एका शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जावं लागे. एकदा देवळाबाहेर रघुनाथरावांनी पुजाऱ्याला ओळख करून दिली, की हा माझा धाकटा भाऊ. नत्थूजीचा बांध फुटला.

"भाऊ भाऊ करून राहिले तुम्ही चारचौघांत," तो म्हणाला. "पण एक आयकून घ्या. तुमच्या मयतीले मी खांदा देणार नाही."

रघुनाथराव प्रसादाचं खोबरं चावत होते. "देशील," ते शांतपणे म्हणाले. "नाही देशील तं हवालदार विचारन, कसा रे भाऊ हायेस?"

त्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात रघुनाथराव गेले. हवालदाराची तोवर बदली झाली होती, विचारणारं कुणी नव्हतं. तरी नत्थूजी सगळ्यांच्या आधी त्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिरडीची पुढची बाजू त्याने धरली. वाटेत तिघांनी खांदा बदलायला हात पुढे केला, त्याने दिला नाही. त्याचे ओठ सारखे हलत होते. मागच्यांना वाटलं, रामनाम घेतोय. तो एकेका पावलाला रघुनाथरावांना एकेक शिवी देत होता, आणि सात वर्षांच्या साठवलेल्या शिव्या संपल्या तेव्हा नदी अजून लांब होती, म्हणून त्याने पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली.