ओझं

तिचं खरं नाव कचेरीत कुणी घेत नसे. सगळे तिला कात्री म्हणत. रस्त्यावरचे फलक तयार करणं हा तिचा धंदा, आणि दुकानदार तिच्याकडे यायचे ते पोतंभर मजकूर घेऊन. मालकाचा फोटो हवा, मालकाच्या मुलाचा हवा, वर ‘आमची कुठेही शाखा नाही’ हेही हवंच. कात्री कपाळाला हात लावायची. ‘‘अहो, स्कूटरवरचा माणूस तुमचा निबंध वाचत थांबला तर मागचे हॉर्न वाजवून त्याचा जीव खातील!’’ मग ती सगळं छाटायची. एक चेहरा, एक ओळ, एक नंबर आणि भरपूर मोकळी जागा. लोक तोंड वाकडं करत निघून जायचे आणि धंदा वाढला की पुन्हा तिच्याचकडे यायचे.

घरी ती आणि आई, दोघीच. आई बसमधून जाताना शेजारच्या बाईला कोपराने ढोसून फलक दाखवायची. ‘‘हा आमच्या लेकीचा.’’

एका वृद्धाश्रमाचं काम आलं. कात्रीने ओळ लिहिली, ‘त्यांची काळजी आता आमची’. फोटो त्यांच्याकडून यायचा होता. तोवर या धंद्यात डमी लावतात, म्हणजे हाताशी असेल तो चेहरा. तिने आईचा लावला, गॅलरीतल्या खुर्चीत हसत बसलेली. त्यावर लाल अक्षरांत ‘डमी’ असं आडवं लिहिलं, कचेरीतल्या साहेबांकडे बघायला पाठवलं आणि दुसऱ्या कामासाठी ती परगावी गेली.

परत आली आणि मोठ्या चौकात सिग्नलला थांबली, तर समोर आई. घराएवढी उंच. लाल अक्षरं पुसलेली. खाली ठळक ओळ, ‘तुमचं ओझं आता आमचं’.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कचेरीचं दार तिने ढकललं ते भिंतीवर आपटलं.

‘‘साहेब, ती माझी आई आहे!’’

साहेब क्षणभर गडबडले. ‘‘तुझी आई? मला काय स्वप्न पडणार होतं? आश्रमाचा फोटो आला नाही, म्हणून हाच छापला. पण चेहरा काय बोलका आहे गं! आश्रमवाल्यांना फोन खाली ठेवायला उसंत नाही.’’

‘‘आणि ओझं? ओझं कुणी लिहिलं?’’

‘‘मी. काळजी फार मऊ पडते. लांबून नुसतं वाचून माणूस पुढे जातो. ओझं म्हटलं की टोचतं. टोचलं की लक्षात राहतं, हे तूच शिकवलंस ना आम्हाला?’’

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच ती जास्त पेटली. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं तरी कुणाला! या माणसाला जन्मात कधी धड शब्द सुचला नव्हता. सुचला तो हा.

‘‘उतरवा तो फलक.’’

‘‘महिनाभर हात लावता येणार नाही. ठरलंय तसं.’’

‘‘बरं. मग तुमच्या घरी जाते. तुमच्या मातोश्रींचा हसरा फोटो काढते आणि त्याखाली हाच शब्द घालून तुमच्या दारासमोर टांगते. फार टोचेल. लक्षात राहील.’’

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी तिच्याकडे न बघता फोन उचलला आणि फलकवाल्याला लगेच चौकात जायला सांगितलं.

कात्री तिथे उभी राहिली. दोऱ्या सुटल्या, कापड घसरत खाली आलं, आईचा चेहरा दुमडला गेला. रस्त्यावरून एक माणूस त्या दुमडलेल्या चेहऱ्याकडे बघून हसत म्हणाला, ‘‘काय मावशी, लवकर रिटायर झाल्या!’’ कात्रीने त्याला अशी शिवी हासडली की त्याने काढता पाय घेतला. घरी जाताना तिने ठरवलं, आईला यातलं काही कळू द्यायचं नाही.

दार उघडंच होतं. आई बाहेर जायची साडी नेसून खुर्चीत बसली होती. पायाशी बॅग, बॅगेवर चष्म्याचं घर आणि औषधांची पिशवी.

‘‘आई, कुठे निघालीस?’’

‘‘चौकात बसमधून दिसला तुझा फलक. त्यावरच्या नंबरावर फोन केला मी,’’ आई म्हणाली. चष्म्याचं घर तिने रागाने औषधांच्या पिशवीत कोंबलं. ‘‘आजच या म्हणाले. जाते मी. पण एवढ्या मोठ्या अक्षरांत कशाला लिहिलंस गं? स्वयंपाकघरात हळूच सांगितलं असतंस, तरी ऐकलं असतं मी.’’