गोराईच्या देवळातली रांग

ओहोटीच्या खाडीचा वास तुम्ही कधी छातीभरून घेतला आहे का? कुजकट, खारट, तिवरांच्या मुळांतून वर येणारा तो ओला दर्प बोरिवलीच्या धक्क्यावर पाय ठेवताच अंगावर आला आणि हे नाकाला रुमाल लावून उभे राहिले. मला मात्र तो त्या सकाळी अगदी जवळचा वाटला. राग तरी दुसरा काय असतो? सणवार, स्वयंपाक, आल्यागेल्याचं आदरातिथ्य यांच्या भरतीखाली तो वर्षानुवर्षं निमूट पडून असतो. पाणी ओसरलं की सगळा चिखल उघडा पडतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ह्यांनी आदल्या दिवशी चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "उद्या दोघं गोराईला समुद्र बघायला चाललोय." मालवणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्राचं एवढं अप्रूप कशाला हो? गोराईला आमची मुलगी राहत होती. सुनंदाने अडीच वर्षांपूर्वी ऑफिसातल्या जॉनशी लग्न केलं. "ती बाटली. तिच्या घरचं पाणीसुद्धा मला नको," एवढं बोलून ह्यांनी तिचं नाव टाकलं. आता शेजारच्यांच्या फोनवर तिचा निरोप आला होता, की रविवारी सकाळी आमच्या देवळात या, बाळाला बघा, मग घरी जेवायला चला. तिकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. देवळापर्यंत येईन, लांबून बघेन, घरात पाऊल ठेवणार नाही, ही ह्यांची अट. नातू सव्वा वर्षाचा झाला होता आणि मी त्याला अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

लाँचने खाडी ओलांडून, टांग्याने आधी किनारा गाठला. सोसायटीत सांगितलेलं खोटं पडायला नको ना. समोर ती अथांग, निर्विकार जलराशी, सुरूच्या बनातून वाहणारा वारा, वाळूवर उमटून क्षणात विरणारी फेनरेषा. एरवी मी हरखून गेले असते. पण माझा जीव नातवात अडकला होता आणि हे कमरेवर हात ठेवून, "मालवणची सर नाही," असं म्हणत उभे होते. तळपायाची आग मस्तकात गेली. सौंदर्य पाहायलाही मन मोकळं असावं लागतं, आणि ते मोकळं नसल्याचा दोष मी बिचाऱ्या समुद्राला का द्यावा?

देवळाच्या पायरीशी ह्यांनी सवयीने चपला काढल्या. बाकी सगळे बूट-चपलांनिशी आत जात होते, तरी हे अनवाणीच गेले. आतलं गाणं मराठी, प्रार्थना मराठी, लुगडं नेसलेल्या बायकाही आपल्याचसारख्या. "हे तर सगळं मराठीतच आहे की," हे पुटपुटले. आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. पलीकडच्या टोकाला सुनंदा होती, मांडीवर बाळ. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जॉन पुढे गाणाऱ्यांत उभा होता.

मग लोक उठून रांगेने वेदीकडे जाऊ लागले. धर्मगुरू प्रत्येकाला काहीतरी पांढरं, वाटोळं देत होते. हे तटकन उठले. "चल, प्रसाद आहे." मी बघतच राहिले. मुलीच्या घरचं पाणी ज्यांना वर्ज्य, ते त्या लोकांच्या देवापुढे उजव्या हाताखाली डावा हात धरून निघाले होते! कोकणातल्या माणसाला देवळातून प्रसाद न घेता परतणं ठाऊकच नसतं. देव कुणाचा, हे त्या हाताने विचारलंच नाही. डोक्याने मात्र अडीच वर्षं दुसरं काही विचारलं नव्हतं.

दोन माणसं पुढे उरली असताना सुनंदा बाळाला कडेवर घेऊन लगबगीने आली आणि तिने ह्यांचा कोपर धरला. "बाबा, ते आपल्यासाठी नाही. बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात. मीही घेत नाही."

बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "तू घेत नाहीस म्हणजे?"

"माझा बाप्तिस्मा झालेला नाही. कुणी कर म्हटलंही नाही. पहिल्याच पत्रात लिहिलं होतं मी."

पत्रं आली होती. ह्यांनी ती न फोडता कपाटात टाकली आणि मी, मॅट्रिक झालेली बाई, रोज त्याच कपाटातून साड्या काढत राहिले. ह्यांनी बंदी घातली होती खरी, पण पाकीट फाडायला कितीसं बळ लागतं? आजवर मी सगळा राग ह्यांच्या नावावर ढकलला, कारण तेच सोयीचं होतं. त्यातला अर्धा माझा स्वतःवरचा होता, आणि तोच जास्त जळत होता.

ह्यांचा चेहरा उजळला. उपकार केल्यासारखे म्हणाले, "मग काही प्रश्नच नाही. चल, घरी येतो तुझ्या."

सुनंदा जागची हलली नाही. "आणि झाला असता तर?"

बाळ ह्यांच्या शर्टाचं बटण ओढत होतं. मी पुढे होऊन म्हणाले, "झाला असता तरी मी आले असते."

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

"मग इतके दिवस कुठे होतीस गं, आई?"